चंद्रावर जायचंय, पण का ते माहीत नाही

आमच्या घरात 'गेम' हा शब्द आजवर फक्त भांडणातच यायचा. 'तो गेम आधी बंद कर.' 'जेवताना गेम नको.' 'युनिट टेस्ट आठवड्यावर आली आणि हा बघा, गेम!' मुलगा नववीत आहे, त्यामुळे ही वाक्यं मला झोपेतसुद्धा म्हणता येतात.

त्यात आम्ही राहतो बेंगळुरूला. इथे आईवडिलांच्या मनात गेमची भीती घालायला वेगळं कुणी लागत नाही. मोबाइल, इंटरनेट आणि गेमच्या आहारी गेलेल्यांसाठी इथल्या निमहान्समध्ये २०१४ पासून 'शट क्लिनिक' चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू केली, त्यात 'गेमिंग डिसऑर्डर' हे नाव आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर पेढे वाटायचेच बाकी होते. तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो, सगळ्याच गेमवर नाही, हे मुलाने मला तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा मी ऐकलं.

तर दसऱ्याच्या सुट्टीत, बाहेर संध्याकाळचा ठरलेला पाऊस कोसळत असताना, तो म्हणाला, "आई, एक गेम आहे. त्यात गोळीबार नाही, लेव्हल नाही, ऑनलाइन कुणाशी बोलायचं नाही. नुसती गोष्ट आहे. सायन्स फिक्शन. चार-पाच तासांत संपते."

"संपते?" मी विचारलं. गेम संपतो हे मला नवीनच होतं.

मी अट घातली की खोलीचं दार लावून नाही, हॉलमध्ये सगळ्यांसमोर खेळायचं. त्याने टॅबवरचं चित्र टीव्हीवर घेतलं. सासूबाई त्यांच्या खुर्चीत बसून नवरात्राच्या वाती वळत होत्या. मालिका बंद झाली म्हणून थोड्या नाराज होत्या.

गेमचं नाव 'टू द मून'. म्हणजे चंद्राकडे. २०११ साली आलेला हा गेम कॅनडातल्या कॅन गाओ या तरुणाने 'फ्रीबर्ड गेम्स' या आपल्या छोट्याशा स्टुडिओतर्फे केला. 'आरपीजी मेकर' नावाचं, हौशी मंडळीही वापरतात असं सॉफ्टवेअर त्यासाठी वापरलं. संगीतही बरंचसं त्याचंच. त्याचे आजोबा गंभीर आजारी पडले, तेव्हा आयुष्याच्या शेवटी माणसाला कशाकशाची हळहळ वाटत असेल हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यातून ही गोष्ट निघाली. त्या वर्षी 'गेमस्पॉट'ने उत्कृष्ट कथेचा मान कोट्यवधींच्या खर्चाने बनलेल्या गेमना न देता याला दिला. २०१७ पासून तो मोबाइलवरही मिळतो.

पहिल्यांदा पडद्यावर चित्र आलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे काय? माझ्या लहानपणी व्हिडिओ गेममध्ये असायची तशी ठोकळ्यांची माणसं! डोकं मोठं, अंग इवलंसं, चेहऱ्यावर डोळ्यांचे दोन ठिपके. आजकालच्या गेममध्ये माणसाच्या कपाळावरचा घामही दिसतो म्हणे. इथे घाम सोडा, नाकसुद्धा नाही.

मग पियानो सुरू झाला. अगदी साधी धून, नुकतंच शिकायला लागलेल्या मुलांनी वाजवावी तशी. आणि खरंच दोन मुलंच ती वाजवत असतात, समुद्राच्या कड्यावरच्या एका घरात, रात्री. वरच्या खोलीत एक म्हातारा बेशुद्ध पडलेला असतो. जॉनी त्याचं नाव. डॉक्टरांच्या मते त्याच्याकडे एखाददुसरा दिवसच आहे. घराजवळ एक दीपगृह.

इतक्यात दोघं डॉक्टर येऊन पोचतात, ईव्हा आणि नील. येतायेता नीलने खारीला वाचवायच्या नादात कंपनीची गाडी झाडावर घातलेली असते. हे डॉक्टर औषधं देणारे नाहीत. 'सिग्मंड' नावाच्या कंपनीत ते काम करतात आणि त्यांचं काम असं: मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या आठवणींमध्ये यंत्राने शिरायचं, मागे मागे जात त्याच्या लहानपणापर्यंत पोचायचं आणि त्याची राहून गेलेली इच्छा तिथे पेरायची. मग त्याच्या मनात अख्खं आयुष्य नव्याने घडतं, आणि त्या आयुष्यात ती इच्छा पुरी झालेली असते. माणूस समाधानाने डोळे मिटतो. हे शेवटच्या घटकेलाच करता येतं, कारण खऱ्या आठवणी आणि या घडवलेल्या आठवणी एका डोक्यात नांदू शकत नाहीत.

इथे आमची पहिली अडचण झाली. या गेममध्ये कुणी बोलत नाही. सगळे संवाद लिहून येतात, तेही इंग्रजीत. मराठी नाही, हिंदीही नाही. सासूबाईंना इंग्रजी अक्षरं येतात, पण इतक्या वेगाने वाचून होत नाही. मग असं ठरलं की मुलाने वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं. त्याचं मराठी म्हणजे घरात मराठी, शाळेत इंग्रजी, दुसरी भाषा कन्नड आणि लिफ्टमध्ये हिंदी, या सगळ्याची मिसळ.

"आजी, हे डॉक्टर त्या आजोबांची विश पूर्ण करणार आहेत."

"विष?" सासूबाईंनी वात खाली ठेवली. "मरणाऱ्याला विष कशाला रे?"

"विष नाही आजी, विश! म्हणजे... विश."

"इच्छा," मी स्वयंपाकघरातून ओरडले.

"मग इच्छा म्हण की."

त्यानंतर सासूबाईंनी मालिकेचं नाव काढलं नाही. जॉनीच्या बायकोचं नाव रिव्हर आहे, हे कळल्यावर म्हणाल्या, "नदी? मग त्यात काय, आपल्याकडे गोदा, कृष्णा नसतात का?" त्यांचं सगळं आयुष्य मिरजेत गेलं, त्यामुळे रिव्हरची कृष्णा झाली आणि जॉनीचे जनुभाऊ. आमच्या घरात आता तेच चालतं.

पुढे थोडी गोष्ट सांगणार आहे, फक्त सुरुवातीच्या भागातली. ज्यांना कोरं राहून खेळायचंय त्यांनी तीन परिच्छेद सोडावेत.

डॉक्टर जनुभाऊंच्या सगळ्यात अलीकडच्या आठवणीत शिरतात आणि विचारतात, काय इच्छा आहे? चंद्रावर जायचंय. का? तर म्हातारा म्हणतो, माहीत नाही. वेड पांघरून नव्हे, अगदी प्रामाणिकपणे. आयुष्यभर हा माणूस ना वैमानिक होता ना शास्त्रज्ञ. घराच्या तळघरात कागदाच्या सशांचा ढीग आहे, घड्या घालून केलेले शेकडो ससे, त्याच्या गेलेल्या बायकोने बनवलेले. ते का, हेही त्याला माहीत नाही. म्हणजे सगळा गेम एका 'का'चा शोध आहे, आणि तो उलटा चालतो. आधी म्हातारपण, मग पन्नाशी, मग लग्न, मग कॉलेज. प्रत्येक आठवणीत फिरून काही दुवे गोळा करायचे, ते जमले की एखादी वस्तू उघडते आणि तिच्यातून आधीच्या आठवणीत जाता येतं. एक कापडी खेळणं सारखं भेटत राहतं, ते प्लॅटिपस या प्राण्याचं. मराठीत याला काय म्हणतात ते मलाही येईना. "हे बदक आहे की मुंगूस?" सासूबाईंनी विचारलं. दोन्ही, असं उत्तर मुलाने दिलं. ते फारसं चूक नाही.

रिव्हर वेगळी आहे. ती नजरेला नजर देत नाही, गोल गोल बोलत नाही, एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारते. डॉक्टरांनी तिचं काहीतरी निदान केलेलं आहे, पण ते नाव गेम शेवटपर्यंत उच्चारत नाही, असं मुलाने कुठेतरी वाचलं होतं. मला ते आवडलं. आमच्याही घरात एक निदान आहे आणि आम्हीही त्याचं नाव घेत नाही.

मग येते ती आठवण जिच्यावरून आमच्याकडे गेम अर्धा तास थांबला. रिव्हर आजारी आहे. पैसे एकतर तिच्या उपचाराला पुरतील, नाहीतर दीपगृहाजवळचं घर पुरं करायला. आणि ती हट्टाने घर निवडते. माझा मुलगा भडकला. "हे स्टुपिड आहे! माणूस महत्त्वाचा की घर?" सासूबाई वाती वळत म्हणाल्या, "तिला त्या घरातून काहीतरी बघायचं असेल." मी दोघांकडे बघत राहिले. मिरजेचं घर विकायची गोष्ट गेली दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर येते आणि कुणीतरी पाणी मागतं, की संपते. त्या दिवशी कुणी पाणी मागितलं नाही. पण पुढेही कुणी काही बोललं नाही.

सोडलेल्या वाचकांनी आता परत यायला हरकत नाही.

सासूबाई चार वर्षांपूर्वी, सासरे गेल्यावर, आमच्याकडे आल्या. गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं वाढलंय. चहा झाला की नाही, गोळी घेतली की नाही, आज कोणता वार. पण १९६५ साली शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणी कोणतं काम केलं होतं, ते विचारा. त्यामुळे हा गेम बघताना त्या मध्येच म्हणाल्या, "याचं माझ्यापेक्षा उलट आहे. यांना अलीकडचं लगेच सापडतं आणि लहानपणाकडे जायला एवढी धडपड. माझी लहानपणाची खोली सताड उघडी आहे. बाहेरच्या खोल्यांना कुलपं."

असं बोलणं त्यांच्याकडून मी प्रथमच ऐकलं. आतापर्यंत आम्ही तो विषय 'वयोमानाने होतंच' म्हणून गुंडाळत आलो होतो.

मुलाने मग साहजिकच विचारलं, "आजी, तुझी इच्छा काय असती? म्हणजे त्या डॉक्टरांनी विचारलं तर?"

"चंद्रावर तर नाही बाई," त्या हसल्या. आणि मग एकदम २१ जुलै १९६९ ची सकाळ सांगायला लागल्या. सोमवार होता. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडे सकाळचे जवळजवळ साडेआठ झाले होते. त्या पंधरा वर्षांच्या. शेजारच्यांकडे रेडिओ होता, त्यांच्या ओट्यावर सगळी आळी जमलेली. शाळेला उशीर झाला म्हणून बाई रागावल्या नाहीत, कारण बाईही तिथेच होत्या. त्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की फिजिक्स शिकायचं. मग एफवायला असताना लग्न झालं. "इच्छा म्हणशील तर ती एवढीच. पुढचे धडे राहिले वाचायचे."

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. तो ऑफिसमधून पावसात अडकत अडकत दहाला घरी आला आणि चप्पल न काढता दारातच उभा राहून ऐकत होता.

मुलगा उत्साहात आला. "पण आजी, आपण पण बघितलं ना चंद्रावर उतरताना! चांद्रयान! तू आणि मी, याच टीव्हीवर!"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "कधी रे?"

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला त्या मोहिमेचं नियंत्रण आमच्याच शहरातून, पीण्याच्या इस्रोच्या केंद्रातून, चालू होतं. आमच्या घरापासून ते ट्रॅफिक नसेल तर तासाभरावर, म्हणजे दीड-दोन तासांवर. त्या संध्याकाळी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती आणि सोसायटीत फटाके वाजले होते. आजी-नातवाचा त्या दिवशीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे.

तो फोटो दाखवू का, असं मला वाटलं. पण मुलाचा चेहरा पडला होता आणि सासूबाईंना ते कळलं होतं. त्या म्हणाल्या, "तू सांग ना. मी ऐकते." मग त्याने सांगितलं. वेग कमी होत जाताना पडद्यावर रेघ कशी सरकत होती, शेवटच्या मिनिटांत नियंत्रण कक्षातली माणसं कशी गप्प होती, आजीने त्याचा हात कसा घट्ट धरला होता. हे शेवटचं खरं की त्याने घातलेलं, मला सांगता येणार नाही. मी तेव्हा दूध उतू जाऊ नये म्हणून ओट्याशी उभी होते.

गेमबद्दल तक्रारीही आहेत, त्या सांगायलाच हव्यात. मधल्या भागात त्याच त्या चौकटी उलटून चित्र जुळवायचं कोडं पुन्हापुन्हा येतं. ते इतकं सोपं आहे की नसतं तरी चाललं असतं. दुवे शोधत फिरताना कधीकधी नुसतं कोपऱ्याकोपऱ्यावर बोट दाबत बसावं लागतं. नीलचे बरेच विनोद जपानी कार्टून आणि पाश्चात्त्य गेममधले, ते माझ्या डोक्यावरून गेले. मुलगा हसायचा, आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. क्वचित शिवराळ शब्द आहेत, पण ते भाषांतर करताना गळतात, हा भाषांतराचा फायदा. लहान मुलांपुढे लावायचा गेम हा नव्हे. भीतीदायक काही नाही, पण गोष्ट मरणाची आहे आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला ती कंटाळवाणी तरी वाटेल, नाहीतर रात्री प्रश्न पडतील. बारा-तेराच्या पुढे, घरातल्या मोठ्यांसोबत, जरूर.

आणि 'खेळणं' म्हणाल तर इथे हरणं-जिंकणं जवळपास नाहीच. तुम्ही पान उलटता तसं बोट फिरवता. मग हे पुस्तकच का नाही, असं मी मुलाला विचारलं. त्याचं म्हणणं, पुस्तकात लेखक तुला तळघरात नेतो, इथे तू स्वतः जिना उतरून जातेस आणि ते ससे बघतेस. मला ते शंभर टक्के पटलं नाही. पण ससे दिसले तेव्हा मीही पोळी तव्यावर टाकून हॉलमध्ये आले होते, आणि ती करपली.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली. हे शहर भारतातल्या गेम-उद्योगाचं जुनं ठिकाण आहे. राजेश राव यांनी १९९७ साली इथेच 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' सुरू केली, भारतातल्या अगदी पहिल्या गेम कंपन्यांपैकी एक. परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, शस्त्रं चितारण्याचं काम तिने वर्षानुवर्षं केलं. २०१९ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो'वाल्या रॉकस्टारने ती विकत घेतली. म्हणजे जगभरची मुलं ज्या रस्त्यांवर गाड्या पळवतात त्यांतले काही दगड-विटा आपल्या माणसांनी रचलेल्या असतात. गोष्ट मात्र दुसऱ्या कुणाची. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'ने २०२० मध्ये 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा सुंदर गेम केला, पुण्याच्याच 'सुपरगेमिंग'चा 'इंडस' भविष्यातल्या भारताचं रूप घेऊन आला, पण तो लढाईचा. विज्ञानकथा सांगणारा, आजीला बसून ऐकता येईल असा गेम मला आपल्या भाषेत सापडला नाही.

आणि कथा नाहीत असं थोडंच आहे! जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली, आपल्या नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. 'यक्षांची देणगी' आमच्या कपाटात आहे, सासूबाईंची प्रत, पुठ्ठा निघालेली. राहिलेले धडे त्यांनी असे वाचले असतील, हे माझ्या आता लक्षात येतंय. मुलगा ते पुस्तक घेऊन बसला खरा, पण तिसऱ्या पानावर 'आई, गुरुत्वाकर्षण म्हणजे ग्रॅव्हिटीच ना?' असं विचारत आला. चला, निदान उघडलं तरी.

आमच्या दोन संध्याकाळी झाल्यात, गेम निम्म्याच्या थोडा पुढे आहे. शेवट मला माहीत नाही आणि मुलाने माहीत करून घ्यायचा नाही अशी शपथ घेतली आहे. शेवट वाचून आलेल्या कुणी मला तो सांगू नये.

दुसऱ्या रात्री बंद करताना मुलगा म्हणाला, ही तर चीटिंग आहे, न गेलेल्या माणसाला चंद्रावर गेल्याची आठवण देणं. चीट कोड लावून जिंकल्यासारखं. नवरा म्हणाला, मरताना बरं वाटत असेल तर कुणाचं काय जातं? मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी गप्प बसले. सासूबाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. दीपगृहाचा दिवा फिरत होता.

"पण मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "हे जनुभाऊ लहानपणापासून चंद्राच्या मागे लागले, तर त्यांना कृष्णा भेटेल का? मग एवढे ससे कुणी केले असं होईल?"

कुणाकडे उत्तर नव्हतं. मुलगा तर टॅब हातात घेऊन तसाच बसला.

आज सकाळी चहा घेताना मी त्यांना म्हटलं, "आई, संध्याकाळी गेमचा पुढचा भाग बघायचाय."

"कसला गेम गं?"

मी काही बोलायच्या आत मुलगा अंथरुणातून उठून आला, त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.

"एक म्हातारा असतो, आजी. समुद्राजवळ राहतो. त्याची एक इच्छा असते."